मानवत हत्याकांड: वेब सिरीजमध्ये गुन्हेगार सापडतो, कोर्टात मात्र काय झालं?

२०२४ हे वर्ष आठवा. जूनमध्ये 'मुंज्या' आला आणि पिंपळावरच्या भुताने थिएटरं भरली. सप्टेंबरमध्ये 'तुंबाड' पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. ऑक्टोबरमध्ये सोनी लिव्हवर 'मानवत मर्डर्स' ही मराठी वेब सिरीज आली. पहिल्यात मुंजा, दुसऱ्यात गुप्तधन, तिसऱ्यात मुंजा आणि गुप्तधन दोन्ही. फरक एवढाच की पहिल्या दोन गोष्टी रचलेल्या होत्या. तिसरी मराठवाड्यात खरंच घडली होती.

'मानवत मर्डर्स' बघून झाल्यावर अनेकांनी फोनवर एकच गोष्ट शोधली: पुढे त्या लोकांचं काय झालं? याचं उत्तर सिरीजपेक्षा जास्त अस्वस्थ करणारं आहे. ज्या दोघांकडे या हत्याकांडाचे सूत्रधार म्हणून बोट दाखवलं गेलं, ते दोघंही शेवटी निर्दोष सुटले.

असं का झालं? श्रद्धा माणसाला खुनापर्यंत नेते म्हणजे नेमकं काय होतं? या गोष्टीवर चाळीस वर्षांच्या अंतराने दोनदा कलाकृती का झाली? आणि छत्रपती संभाजीनगरचा या सगळ्याशी काय संबंध? एकेक करून समजून घेऊया.

मानवतमध्ये नेमकं काय घडलं?

मानवत हा परभणी जिल्ह्यातला तालुका, कापसाच्या बाजारासाठी ओळखला जाणारा. संभाजीनगरहून नांदेडकडे रेल्वेने जाताना सेलू आणि परभणीच्या मध्ये 'मानवत रोड' हे स्टेशन लागतं. सत्तरच्या दशकात अख्खा मराठवाडा तेव्हाच्या औरंगाबाद विभागात होता आणि मानवतही त्यातच.

१९७२ चा दुष्काळ आजही मराठवाड्यातली म्हातारी माणसं वर्ष मोजायला वापरतात. विहिरी आटल्या होत्या, जनावरं विकली जात होती, लोक खडी फोडायच्या कामावर जात होते. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मानवतमध्ये पहिला खून झाला. शेवटचे खून ४ जानेवारी १९७४ ला झाले. या साधारण चौदा महिन्यांत दहा जीव गेले. त्यात दहा वर्षांच्या आसपासच्या मुली होत्या, स्त्रिया होत्या आणि एक तान्हं मूलही होतं.

मृतदेह शेतशिवारात सापडत होते. लहान मुलींच्या बाबतीत खून ज्या पद्धतीने झाले होते, त्यावरून हा साधा वैराचा किंवा चोरीचा प्रकार नाही, एवढं गावाला कळून चुकलं होतं. गावात 'नरबळी' हा शब्द कुजबुजीत फिरू लागला. लोकांनी मुलींना एकटं बाहेर पाठवणं बंद केलं.

स्थानिक पोलिसांना धागा सापडेना, तेव्हा तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आलं. मुंबई क्राइम ब्रँचमधलं हे मोठं नाव. १९६८ मध्ये मुंबईच्या फुटपाथवर झोपलेल्या माणसांना मारणाऱ्या रामन राघवच्या प्रकरणाचा छडा त्यांनी लावला होता. कुलकर्णींनी पुढे आपल्या तपासांवर पुस्तक लिहिलं आणि 'मानवत मर्डर्स' त्याच पुस्तकावर आधारलेली आहे.

मुंजा, गुप्तधन आणि मूल

सरकार पक्षाने कोर्टात जे सांगितलं, ते थोडक्यात असं. गावातला एक पैसेवाला, वजनदार माणूस आणि त्याच्यासोबत राहणारी स्त्री यांना दोन गोष्टी हव्या होत्या: पिंपळाखाली पुरलेलं गुप्तधन आणि मूल. धनावर मुंजाचा पहारा आहे, तो शांत झाल्याशिवाय काही मिळणार नाही आणि त्यासाठी कुमारिकांचं रक्त लागेल, असं मांत्रिकाने सांगितलं. मग माणसं जमवली गेली आणि खून सुरू झाले. (या दोघांची नावं या लेखात घेतलेली नाहीत, कारण कायद्याने ते दोघंही निर्दोष आहेत.)

मुंजा म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मुंज झाली पण लग्नाआधीच मेला, अशा मुलाचा आत्मा पिंपळावर राहतो, ही जुनी समजूत. पुरलेल्या धनावर कुणाचा तरी पहारा असतो, हीसुद्धा तितकीच जुनी. गावोगावी हजारो लोकांनी या गोष्टी लहानपणी ऐकल्या. पिंपळाखालून रात्री जाताना पाऊल झपाझप टाकलं आणि घरी येऊन झोपले. त्यांनी कुणाचा जीव घेतला नाही.

मग इथे वेगळं काय होतं? या प्रकरणातून, आणि अशा इतर घटनांतूनही, तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी म्हणजे गरज. पैसा हवा, मूल हवं, आजार जावा, कोर्टकचेरीत जय मिळावा. या सगळ्या अगदी साध्या इच्छा. मूल नसलेल्या बाईला आपला समाज कशी वागणूक देतो, हे आठवलं की ही गरज किती टोकाची होऊ शकते ते कळतं.

दुसरी पायरी म्हणजे खात्रीने बोलणारा माणूस. डॉक्टर म्हणतो 'बघूया'. शेतीतला जाणकार म्हणतो 'पाऊस आला तर'. मांत्रिक मात्र म्हणतो 'हे करा, होणारच'. अडलेल्या माणसाला शक्यता नको असते, त्याला हमी हवी असते. बाजारात एवढी ठाम हमी देणारा हा एकटाच असतो.

तिसरी पायरी सगळ्यात धोक्याची. विधी फसतो. धन मिळत नाही, मूल होत नाही. आता दोन पर्याय उरतात: आपण फसलो हे मान्य करायचं, किंवा विधी कुठेतरी अपुरा पडला असं मानायचं. ज्याने विधीसाठी एक जीव घेतला आहे, त्याला पहिला पर्याय परवडत नाही. 'आपण विनाकारण एका पोरीला मारलं' हे वाक्य स्वतःशी उच्चारणं अशक्य असतं. म्हणून तो दुसरा पर्याय घेतो आणि आणखी एक बळी देतो.

मानसशास्त्रात याला कॉग्निटिव्ह डिसोनन्स म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये ही कल्पना मांडली. आपली कृती आणि समोर दिसणारं वास्तव यांचा मेळ बसेना की माणूस बरेचदा वास्तवाकडे पाठ फिरवतो आणि समजूत अजून घट्ट धरतो. फसव्या गुंतवणूक योजनेत बुडालेला माणूस त्याच योजनेत आणखी पैसे घालतो, त्यामागेही हेच असतं. मानवतच्या खुनांकडे असं पाहिलं तर ते एकावर न थांबता दहावर का गेले, याचा अंदाज येतो.

गाव गप्प का होतं?

छोट्या गावात चौदा महिने खून होत राहतात आणि कुणालाच काही माहीत नसतं, हे पटत नाही. पण माहीत असणं आणि पोलिसांसमोर बोलणं यात मोठं अंतर असतं.

संशय ज्याच्यावर होता तो पैशाने आणि ओळखींनी मोठा होता. बळी गेलेल्या मुली आणि बायका मात्र साध्या, कष्टकरी घरांतल्या होत्या. दुष्काळात ज्याच्याकडून काम आणि उसनं मिळतं, त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? त्यात भीती दुहेरी. एक भीती माणसाची, दुसरी करणीची. 'आपण बोललो आणि आपल्याच घरावर काही आलं तर?' हा प्रश्न साक्षीदाराचं तोंड बंद करायला पुरेसा असतो. म्हणजे अंधश्रद्धेने इथे दोन कामं केली. तिने आधी खुनाचं कारण पुरवलं आणि नंतर खुनाला आडोसाही दिला.

कोर्टात काय झालं?

तपास पूर्ण झाला आणि अठरा जणांना आरोपी करण्यात आलं. त्यातल्या दोघांना माफी देऊन माफीचे साक्षीदार करण्यात आलं. म्हणजे 'मीही सामील होतो, पण सगळं खरं सांगतो, मला शिक्षा करू नका' असं म्हणणारे साक्षीदार.

परभणीच्या सत्र न्यायालयाने कथित सूत्रधार असलेल्या दोघांना दोषी ठरवलं. पण वरच्या न्यायालयांत हा निकाल टिकला नाही. एप्रिल १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला तेव्हा ते दोघं निर्दोष होते. प्रत्यक्ष खुनांत सामील असलेल्या काही जणांची दोषसिद्धी मात्र कायम राहिली.

'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ओळखला जाणारा हा निकाल आजही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. तेव्हाचे न्यायमूर्ती आणि पुढे सरन्यायाधीश झालेले यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी तो लिहिला. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

एक, माफीच्या साक्षीदारावर किती विश्वास ठेवायचा? तो स्वतः गुन्ह्यात सामील असतो. स्वतःची मान सोडवण्यासाठी तो दुसऱ्याची अडकवू शकतो. त्यामुळे त्याच्या सांगण्याला स्वतंत्र पुराव्याचा आधार लागतो. तोही ढोबळ नव्हे, तर ज्या आरोपीचं नाव तो घेतोय, त्या आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा पुरावा.

दोन, कबुलीजबाब. आरोपी दबावाखाली बोलत नाही ना, हे मॅजिस्ट्रेटने नीट तपासायचं असतं. ते तपासलेलं नसेल तर कबुलीजबाबाला अर्थ राहत नाही. गुन्हा उघडकीला आणण्याच्या उत्साहात पोलीस बळाचा वापर करतात आणि ही सवय वेळीच मोडली पाहिजे, असंही न्यायालयाने स्पष्ट सुनावलं.

तीन, शिक्षा ठरवताना आरोपीचं म्हणणं स्वतंत्रपणे ऐकायचं. १९७४ मध्ये लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद आली होती. तिचा अर्थ काय लावायचा, हे या निकालात अधिक स्पष्ट झालं.

आता वाचणाऱ्याला राग येणं साहजिक आहे. दहा जीव गेले आणि न्यायालय पुराव्याचे नियम सांगत बसलं? पण जरा थांबून विचार करा. 'गावात सगळ्यांना माहीत आहे' यावर माणसाला शिक्षा देता येत नाही. मांत्रिकाच्या शब्दावर विश्वास ठेवून एखाद्याला दोषी ठरवणं, हेच तर 'चेटकीण' म्हणून बायकांना मारणारा जमाव करतो. पुराव्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही अट न्यायालयाने पाळली. तिची किंमत मात्र बळी गेलेल्यांच्या घरच्यांनी मोजली. त्यांना संपूर्ण उत्तर कधीच मिळालं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

'आक्रीत': पहिला प्रयत्न

या घटनेवर पहिला सिनेमा आला १९८१ मध्ये. नाव 'आक्रीत'. दिग्दर्शक अमोल पालेकर. 'गोलमाल' आणि 'छोटी सी बात'मधला साधा, लाजरा मध्यमवर्गीय माणूस म्हणून देश ज्यांना ओळखत होता, त्यांनी दिग्दर्शनात पहिलं पाऊल टाकताना हा विषय निवडला. एवढंच नाही, तर त्यातला मुकुटराव हा क्रूर माणूसही त्यांनी स्वतःच रंगवला. रुहीच्या भूमिकेत चित्रा पालेकर होत्या.

लेखन विजय तेंडुलकरांचं होतं, आणि हे नाव इथे असणं योगायोग नाही. 'सखाराम बाइंडर', 'गिधाडे' लिहिणाऱ्या तेंडुलकरांना १९७३ ते ७५ या काळात नेहरू फेलोशिप मिळाली होती आणि तिचा विषयच समाजातली वाढती हिंसा हा होता. मानवतमध्ये खून होत होते आणि खटला उभा राहत होता, ती हीच वर्षं.

'आक्रीत' बघताना एक गोष्ट जाणवते. मंत्रतंत्राचं भय निर्माण करून प्रेक्षकाला खुर्चीत दचकवण्यात या सिनेमाला रस नाही. मुकुटरावची सत्ता, त्याच्या घरातली दोन माणसांमधली ओढाताण, गावाचं लाचार होणं यावर तो थांबतो. नावं बदलली असल्यामुळे खऱ्या माणसांवर थेट आरोप न करता तो हे करू शकला.

'मानवत मर्डर्स': काय दिसतं, काय निसटतं?

४ ऑक्टोबर २०२४ ला आलेल्या आठ भागांच्या या सिरीजचं दिग्दर्शन 'आत्मपॅम्फ्लेट'वाल्या आशिष बेंडे यांचं. आशुतोष गोवारीकर रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत, सोबत सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर आणि मकरंद अनासपुरे.

मकरंद अनासपुरेंची निवड विशेष चर्चेत राहिली. मराठवाडी बोलीत हसवणारा माणूस म्हणून महाराष्ट्र त्यांना वीस वर्षं ओळखतो. तीच बोली इथे थंड आणि धमकावणारी ऐकू येते. वाईट माणूस वेगळा दिसत नाही, वेगळं बोलत नाही, तो शेजारच्या ओसरीवर बसलेला असतो, हे या निवडीने न सांगता सांगितलं.

पण सिरीजची रचना तपासाची आहे. शहरातून हुशार अधिकारी येतो, एकेक धागा उलगडतो, कोडं सुटतं. अधिकाऱ्याच्याच पुस्तकावरून लिहिलेली गोष्ट असल्यामुळे हे होणारच. तपास करणाऱ्याच्या नजरेतून पाहिलं तर गोष्ट अटकेजवळ पूर्ण होते. कोर्टाच्या नजरेतून पाहिलं तर ती तिथे सुरू होते.

म्हणूनच प्रेक्षक म्हणून एक सवय लावून घेतलेली बरी. 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी दिसली की दोन प्रश्न विचारायचे. ही गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितली आहे? आणि शेवटच्या कोर्टाचा निकाल काय होता?

पारधी समाजाचं काय?

या प्रकरणात एक गोष्ट सोशल मीडियावरच्या चर्चेत हमखास राहून जाते. कथित सूत्रधारांपैकी स्त्री पारधी समाजातली होती. आणि 'पारधी म्हणजे गुन्हेगार, मंत्रतंत्र करणारे' हा शिक्का या समाजावर आधीपासूनच होता.

तो शिक्का मारला ब्रिटिशांनी. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्स अॅक्टने देशातल्या अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, असे नियम होते. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये हा कायदा गेला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण गावच्या आणि पोलिसांच्या मनातून शिक्का गेला नाही. आजही कुठे चोरी झाली की जवळच्या पारधी पालावर पहिली धाड पडते, अशी तक्रार या समाजातले कार्यकर्ते सतत करत असतात.

अशा वेळी थ्रिलरमध्ये पारधी पात्र आणि अघोरी विधी एकत्र दिसले की प्रेक्षकाच्या मनात काय पक्कं होतं, हा विचार करायला हवा. कारण या प्रकरणात पैसा, घर आणि गावातलं वजन पारधी वस्तीकडे नव्हतं. आरोपींच्या पिंजऱ्यात वेगवेगळ्या घरांतले लोक होते. आणि पिंपळ, मुंजा, गुप्तधन या समजुती कुठल्या एका जातीच्या नाहीत, अख्ख्या महाराष्ट्राच्या आहेत.

कायदा यायला चाळीस वर्षं का लागली?

खून हा १९७२ मध्येही गुन्हाच होता. मग वेगळा कायदा कशाला?

कारण खुनाचा कायदा मृतदेह सापडल्यावर जागा होतो. मांत्रिक 'अमुक करा, धन मिळेल' असं सांगतो, पैसे घेतो, विधी मांडतो, तोपर्यंत त्याला हात लावायला पोलिसांकडे नेमकी तरतूद नव्हती. ही पोकळी भरण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी वर्षानुवर्षं कायद्याचा आग्रह धरला. विधेयकाचे मसुदे झाले, बदलले, अडले. 'हा कायदा आला तर वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल' असा प्रचार झाला.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. कायद्याच्या लांबलचक नावात सुरुवातीलाच 'नरबळी' हा शब्द येतो.

या कायद्याच्या अनुसूचीत कुठली कृत्यं गुन्हा आहेत, याची यादी आहे. ती वाचताना मानवतची आठवण आल्याशिवाय राहत नाही. गुप्तधनाच्या शोधासाठी अघोरी कृत्य करणं किंवा नरबळी देणं, हा त्यात गुन्हा आहे. अलौकिक शक्ती असल्याचं सांगून, मूल न होणाऱ्या स्त्रीला अपत्याचं आमिष दाखवून तिचं शोषण करणं, हाही त्यात गुन्हा आहे. मानवत प्रकरणात ज्या दोन इच्छांची चर्चा झाली, धन आणि मूल, त्यांच्या नावाने होणारी फसवणूक आज या यादीत आहे.

शिक्षा किमान सहा महिने ते कमाल सात वर्षं, आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. या कायद्याखाली पोलिसांमध्ये दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे.

आणि वारी? ती चालूच आहे. यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, भजन, प्रवचन यांना हा कायदा लागू होत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

संभाजीनगरचा धागा

मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दाभोलकर हत्या प्रकरणात दोघांना जन्मठेप सुनावली. इतर तिघे सुटले. शिक्षा झालेले दोन्ही तरुण छत्रपती संभाजीनगर शहर आणि जिल्ह्यातले आहेत. अंधश्रद्धेविरुद्धच्या कामाबद्दलचा राग हे हत्येमागचं कारण होतं, अशी सीबीआयची मांडणी होती.

मराठवाड्याच्या एका टोकाला मानवत आहे, जिथे 'श्रद्धे'च्या नावाने लहान मुली मारल्या गेल्या. दुसऱ्या टोकाला संभाजीनगर आहे, जिथले दोन तरुण अशा प्रथांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मारल्याबद्दल दोषी ठरले. दोन्ही घटना वेगळ्या, काळ वेगळा, माणसं वेगळी. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. समोरचा माणूस माणूस म्हणून दिसायचं बंद झालं. एकीकडे तो विधीचं सामान झाला, दुसरीकडे अडथळा.

आणि याच जिल्ह्यात पैठण आहे. संत एकनाथांनी चारशे वर्षांपूर्वी भारुडांतून नवसासायासांची थट्टा केली, तीही अशी की गावातली बाई ऐकताना पोट धरून हसावी. तुकोबांनीही नवसाच्या बाजाराची खिल्ली उडवली. अंधश्रद्धेवर बोलणं म्हणजे धर्मावर हल्ला, असं म्हणणाऱ्यांना हा वारसा आठवण करून द्यावा लागतो. प्रश्न विचारण्याची परंपरा इथे बाहेरून आलेली नाही.

भीती बघायला आवडते, मग अडचण काय?

काहीच नाही. जून २०२५ मध्ये आलेला हृषीकेश गुप्ते यांचा 'जारण' घ्या. अमृता सुभाष आणि अनिता दाते यांच्या या सिनेमात करणी खरी की मनाचा आजार, हा प्रश्न प्रेक्षकाला शेवटपर्यंत छळतो. आपल्यावर काहीतरी केलं गेलंय, या समजुतीखाली जगणाऱ्या माणसाचं आत काय होतं, हे असा सिनेमा फार जवळून दाखवू शकतो. मानसिक आजाराला 'बाहेरचं' समजून देवऋषाकडे नेणारी घरं आजही कमी नाहीत, त्यामुळे त्यावर बोलायला निमित्त मिळणं चांगलंच.

फक्त एक लक्षात ठेवलेलं बरं. पडद्यावरची भीती दिवे लागले की संपते. प्रत्यक्षात ती कमी आवाजात सुरू होते: 'एकदा दाखवून तर बघू', 'एवढं करून पाहायला काय जातंय', 'त्या बाबांचा गुण येतो म्हणतात'. रक्ताची गोष्ट फार नंतर येते. थांबवता येणं शक्य असतं ते या पहिल्या वाक्यांपाशीच.

आपल्या आसपास गुप्तधन, भूतबाधा किंवा अपत्याच्या नावाखाली कुणी अघोरी विधी करत असेल, कुणाला मारहाण करत असेल किंवा उपचारांपासून रोखत असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात जादूटोणा विरोधी कायद्याखाली तक्रार देता येते. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि लहान मुलांच्या बाबतीत १०९८ हे क्रमांक आहेत.

मानवतमध्ये पहिला खून झाला तेव्हा असा कायदा नव्हता, असे क्रमांक नव्हते आणि बोलायची हिंमत करावी असं वातावरणही नव्हतं. आज पहिल्या दोन गोष्टी आहेत. तिसरी मात्र कुठल्याही विधिमंडळात मंजूर होत नाही. ती गावाने, गल्लीने आणि घराने तयार करायची असते.